डोळ्यातलं पाणी आणि रक्तातली साखर

२०१४ साली संक्रांतीनंतरच्या आठवड्यात एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलीच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. तपासणी झाली, नंबर लिहून दिला, तिळगूळ देऊन झाला, तरी आई खुर्चीतून उठेना. मग तिनं पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि घड्या उलगडून टेबलावर पसरलं. फोटोत एक काँटॅक्ट लेन्स होती आणि तिच्या कडेनं केसाहून बारीक तारेचं वेटोळं.

"मॅडम, ही आपल्याकडे कधी येईल?"

मुलीला टाईप वन मधुमेह होता, सहाव्या वर्षापासून इन्सुलिन चालू. दिवसातून पाच-सहा वेळा बोट टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, आकडा वहीत लिहायचा. तिच्या डाव्या हाताच्या बोटांच्या कडा खरखरीत झाल्या होत्या. रात्री दोनचा गजर लावून आई उठायची आणि झोपलेल्या मुलीचं बोट टोचायची, कारण झोपेत शुगर उतरली तर कळणार कसं? कात्रणातली लेन्स हे सगळं थांबवणार होती. डोळ्यातल्या पाण्यातून साखर मोजली की झालं, टोचाटोची बंद.

मी म्हटलं, "ताई, पाचेक वर्षं लागतील. पण येईल."

हे मी मनापासून म्हटलं होतं. लेन्स बसवणं हाच माझा रोजचा व्यवसाय. माणसांच्या डोळ्यातलं पाणी मी दिवसभर स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, बघते. तरीही त्या दिवशी जो प्रश्न मला सुचायला हवा होता, तो सुचला नाही. पुढे ते प्रकरण मी शेवटपर्यंत पाहिलं. स्मार्ट लेन्सचं भविष्य काय असं कोणी विचारलं की मला आधी हेच प्रकरण सांगावंसं वाटतं, म्हणून इथे ते सविस्तर मांडते आहे.

काय ठरलं होतं

१६ जानेवारी २०१४ रोजी गुगलनं ही लेन्स जाहीर केली. कंपनीच्या 'एक्स' या प्रयोगशाळेतलं हे काम होतं आणि प्रमुख दोघे, ब्रायन ओटिस आणि बाबक परवीझ. दोघेही सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले. तिथे असतानाच त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेन्समध्ये बसेल अशी साखर मोजणारी चिप तयार केली होती आणि २०१२ मध्ये त्यावरचा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला होता. चिपचं क्षेत्रफळ ०.३६ चौरस मिलिमीटर. आईनं दिलेल्या तिळगुळातल्या एका तिळावर अशा कितीतरी चिपा मावल्या असत्या. वीज लागायची फक्त ३ मायक्रोवॉट, तीही जवळच्या यंत्रातून रेडिओलहरींनी मिळायची, त्यामुळे लेन्समध्ये बॅटरीच नको.

गुगलच्या नमुन्यात ही चिप आणि सेन्सर मऊ लेन्सच्या दोन थरांमध्ये बसवले होते. लेन्सला सुईच्या टोकाएवढं छिद्र, त्यातून अश्रू सेन्सरपर्यंत झिरपणार. सेकंदाला एक मोजमाप घेता येतं असं सांगितलं गेलं. साखर ठरावीक मर्यादेच्या वर किंवा खाली गेली की लेन्समध्येच बारीकसा दिवा लावता येईल का, याचाही विचार चालू होता. जाहीर करताना त्यांनी ही सुरुवातच आहे असं नक्की म्हटलं होतं. पण बातम्यांच्या मथळ्यांत ते वाक्य काही उतरलं नाही.

सहा महिन्यांनी, जुलै २०१४ मध्ये, नोव्हार्टिस या औषध कंपनीनं आपल्या अल्कॉन या नेत्रविभागासाठी हे तंत्रज्ञान परवान्यावर घेतलं. अल्कॉन म्हणजे लेन्स आणि डोळ्यांच्या औषधांतलं जगातलं मोठं नाव, माझ्या कपाटातही त्यांच्या लेन्सची खोकी असतात. करारात दोन गोष्टी होत्या: साखर मोजणारी लेन्स, आणि चाळिशी लागलेल्यांसाठी जवळ-लांब आपोआप फोकस करणारी लेन्स. नोव्हार्टिसचे तेव्हाचे प्रमुख जो जिमेनेझ यांनी साधारण पाच वर्षांत वस्तू बाजारात आणण्याची आशा बोलून दाखवली. मी त्या आईला सांगितलेला आकडाही तोच निघाला, हा योगायोग. परवीझ त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉनमध्ये गेले. ओटिस राहिले. पुढे २०१५ मध्ये गुगलची फेररचना झाली आणि वर्षाअखेरीस या विभागाचं नाव व्हेरिली झालं.

सात मायक्रोलिटर

आता अश्रूंकडे वळते. या प्रकरणाचा सगळा जीव तिथे आहे.

डोळ्यातला अश्रूंचा थर बघायचा असेल तर आम्ही फ्लुरेसिन या चमकणाऱ्या रंगाची केशरी पट्टी भिजवून पापणीच्या आत हलकेच टेकवतो आणि निळा प्रकाश टाकतो. सगळं बुबुळ हिरवंगार चमकायला लागतं. मग माणसाला सांगायचं, पापणी लववू नका. आणि मनात मोजायचं: एक, दोन, तीन... काही सेकंदांत त्या हिरव्या थरात काळा ठिपका पडतो, मग दुसरा, मग फाटलेल्या जाळीसारखं दिसायला लागतं. दहा सेकंदांच्या आत ठिपका पडला तर डोळा कोरडा म्हणायचा. पापणी लवली की थर पुन्हा अखंड. जागेपणी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, म्हणजे हा थर दिवसभर फाटत आणि सांधत असतो.

एका डोळ्यात एका वेळी असं पाणी असतं सुमारे ७ मायक्रोलिटर. इंजेक्शनच्या सुईतून पडणाऱ्या एका थेंबाहूनही कमी. तेही साठून राहत नाही. वरून नवं येतं, नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून जुनं जातं आणि काही मिनिटांत बरंचसं पाणी बदलून होतं. वारा लागला, धूर गेला, कांदा चिरला, मनाला काही लागलं, की याच डोळ्यात एकदम वेगळं पाणी येतं, भराभर आणि पातळ.

या पाण्यात साखर असते का? असते. मधुमेह्यांच्या अश्रूंत ती जास्त असते हेही १९३० च्या दशकापासून माहीत आहे. पण किती? एका डेसिलिटरमागे काही मिलिग्रॅम, रक्ताच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही बहुधा कमी. हिशोबापुरतं धरू की अश्रूंतली साखर रक्तातल्या साखरेच्या विसावा भाग आहे. एखाद्या मुलीची शुगर ९० वरून ६० वर आली. तिला घाम फुटायला लागेल, हात थरथरतील, कोणीतरी धावत जाऊन साखर आणायची वेळ आली. तेवढ्यात अश्रूंतला आकडा साडेचारवरून तीनवर आलेला असेल. सात मायक्रोलिटरमध्ये हा फरक भरतो ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाएवढा. तो पकडायचा, तोही फाटत-सांधत, वाहत, बदलत राहणाऱ्या पाण्यात.

एवढं सूक्ष्म मोजणं विजेच्या तंत्राला अशक्य नाही. २०१२ ची ती चिप अश्रूंतल्या साखरेच्याच पट्ट्यात काम करायची. प्रश्न होता तो आकड्याचा अर्थ लावण्याचा. साखर अश्रूंत एकाच वाटेनं येत नाही. थोडी अश्रुग्रंथीतून येते, थोडी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या नाजूक आवरणातून पाझरते. डोळ्याला जरा घर्षण झालं की हे पाझरणं वाढतं. म्हणून जुन्या अभ्यासांत कागदाच्या पट्टीनं अश्रू टिपले तर साखर जास्त दिसायची आणि काचेच्या बारीक नळीनं अलगद घेतले तर कमी. उलट डोळा चुरचुरून भळाभळा पाणी आलं की साखर पातळ होणार. म्हणजे डोळ्याला त्रास झाला तर आकडा वर जाऊ शकतो आणि खालीही येऊ शकतो, आणि दोन्ही वेळी रक्तातली साखर जागची हललेली नसते.

त्यात मोजायची पद्धत. या सेन्सरमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते साखरेवर क्रिया करतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि इलेक्ट्रोड ते ओळखतो. पण अश्रूंत क जीवनसत्त्व असतं, युरिक अ‍ॅसिड असतं, तेही त्याच इलेक्ट्रोडवर आपली खूण सोडतात. रक्तात साखर भरपूर असल्यानं ही लुडबुड खपून जाते. अश्रूंत साखरच मुळात चिमूटभर, तिथे ती जड पडते. शिवाय प्रथिनं. वर्षभर वापरलेली लेन्स कोणी दाखवायला आणली की तिच्यावर पांढुरका पापुद्रा दिसतो, बोटानं चोळला तरी पूर्ण जात नाही. अश्रूंतली प्रथिनंच ती. सेन्सरच्या तोंडावरही तीच बसणार.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा, याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू तो अश्रूंच्या थरातून, हवेतून घेतो. पण साखर? ती तो मुख्यतः आतल्या बाजूनं, आपल्या लगेच मागे असलेल्या द्रवातून घेतो. चोवीस तास अश्रूंत भिजलेला हा पडदासुद्धा साखरेसाठी अश्रूंवर विसंबत नाही. अश्रूंचं काम डोळा ओला, स्वच्छ आणि नितळ ठेवायचं. रक्तात काय चाललंय याची खबर देणं हे त्यांचं कामच नव्हे. अश्रू रक्ताची खबर देतात तरी का? जानेवारी २०१४ च्या त्या दुपारी मला सुचायला हवा होता तो प्रश्न हाच होता.

मधुमेह्याचा डोळा

धरून चालू की अश्रूंचा आकडा विश्वासाचा निघाला असता. तरी लेन्स घालणार कोण, हे बघावं लागतं.

मधुमेह्याला लेन्स बसवताना आम्ही हात आखडता घेतो. सरसकट बंदी नसते, पण काळजी दुप्पट. अनेकांचे डोळे कोरडे असतात. कॉर्नियाची संवेदना कमी झालेली असते, म्हणजे लेन्सखाली कण गेला, ओरखडा पडला तरी टोचत नाही आणि माणूस दिवसभर तसाच राहतो. जखम भरायला वेळ लागतो. लेन्स लावून झोपलं तर जंतुसंसर्गाचा धोका कुणाच्याही डोळ्याला कैक पटींनी वाढतो, इथे तर जपायलाच हवं.

आणि त्या आईला आकडा हवा होता रात्री दोन वाजता.

मला हे सगळ्यात जिव्हारी लागलं. शुगर उतरण्याची भीती सगळ्यात जास्त झोपेत असते, आणि झोपताना लेन्स काढून डबीत ठेवायची हा आमचा पहिला नियम. शिवाय बंद पापणीखाली प्राणवायू कमी होतो, अश्रूंचं वाहणं मंदावतं, म्हणजे मोजणीची परिस्थितीही दिवसासारखी राहत नाही. लेन्सला वीज देणारं आणि आकडा वाचणारं यंत्र डोळ्याजवळ लागणार तेही वेगळं. दिवसा ते चष्म्यात बसवता येईल. रात्री कुठे बसवणार?

दंडावरची चकती

इकडे लेन्सचं काम चालू असताना दुसऱ्या वाटेनं गाडी कितीतरी पुढे गेली. २०१४ मध्येच अ‍ॅबट कंपनीचं फ्रीस्टाईल लिब्रे हे साखर मोजणारं उपकरण युरोपात आलं: दंडाच्या मागे नाण्यासारखी गोल चकती, तिची बारीक तार कातडीखाली, चौदा दिवस तिथेच. अमेरिकेत त्याला सप्टेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. मार्च २०१८ मध्ये डेक्सकॉम कंपनीच्या जी-६ या तशाच उपकरणाला मिळाली, आणि त्यात उपचाराचे निर्णय घेण्यासाठी बोट टोचून ताळा करायची अटही राहिली नाही.

ही उपकरणंही रक्तातली साखर थेट मोजत नाहीत. कातडीखालच्या पेशींमधल्या द्रवातली मोजतात. मग तिथे जमलं आणि डोळ्यात का नाही? कारण तो द्रव केशवाहिन्यांच्या भिंतींना लागूनच असतो. रक्तातली साखर वर गेली की काही मिनिटांत तीही वर जाते, खाली आली की तीही येते, आणि पातळी साधारण रक्ताच्याच घरातली असते. तिथे वारा लागत नाही, कोणी पापणी लववत नाही, कांदा चिरला म्हणून काही बदलत नाही. कंटाळवाणी जागा, आणि मोजणीला कंटाळवाणी जागाच लागते.

गुगलच्याच मंडळींनी ऑगस्ट २०१५ मध्ये डेक्सकॉमशी करार केला होता, अशाच कातडीखालच्या सेन्सरला लहान आणि स्वस्त करण्यासाठी. म्हणजे लेन्सची घोषणा होऊन दीड वर्षं झाली होती आणि त्याच घरात दुसरी चूलही पेटली होती. यात मला लबाडी दिसत नाही. ज्याला रुग्णाच्या हातात काहीतरी पडावंसं वाटतं तो दोन्ही दारं ठोठावतो.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी ओटिस यांनीच जाहीरपणे लिहिलं की साखरेच्या लेन्सचं काम थांबवत आहोत. कारण स्पष्ट दिलं: अश्रूंतल्या आणि रक्तातल्या साखरेचा संबंध त्यांच्या चाचण्यांत पुरेसा सातत्यानं दिसला नाही आणि वैद्यकीय उपकरणाला लागते तेवढी खात्री त्यातून मिळत नव्हती. अश्रूंतल्या इतर रेणूंची लुडबुड आणि डोळ्यावर स्थिर परिस्थिती मिळण्याची अडचण, ही दोन्ही कारणं त्यात होती. चाळिशीच्या लेन्सवर आणि मोतीबिंदूनंतर बसवायच्या स्मार्ट लेन्सवर काम चालू राहील असंही म्हटलं होतं. चाळिशीच्या लेन्सचं गाडं तर आधीच रुतलं होतं. २०१६ मध्ये माणसांवर चाचण्या सुरू करायच्या होत्या, ते वर्ष संपता संपता नोव्हार्टिसनं तो बेत सोडल्याचं सांगितलं.

ते पत्र मी दोनदा वाचलं. वैद्यकीय उपकरणांच्या धंद्यात वस्तू गुपचूप नाहीशा होतात. आज कंपनीच्या यादीत असतं, उद्या नसतं, विचारलं तर कोणी बोलत नाही. इथे पाच वर्षांच्या कामानंतर, का जमलं नाही हे नाव घालून सांगितलं गेलं. ओटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांबद्दल मला यासाठी आदर आहे.

मग चुकलं काय? "अश्रूंचं रक्ताशी जमत नाही हे आधी काचेच्या नळ्या घेऊन तपासलं असतं तर कळलं नसतं का," असं माझ्या ओळखीचे एक नेत्रतज्ज्ञ म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. नळीनं अश्रू घेताना नळीच डोळ्याला डिवचते. जुन्या अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते ते यामुळेच. डोळ्यावर शांतपणे बसून राहणारं, न डिवचता तासन् तास मोजणारं साधन हवं होतं, आणि ते साधन म्हणजे ही लेन्सच. त्या प्रश्नाचं खरं उत्तर काढायला कदाचित अशीच लेन्स बनवावी लागली असती. ती बनवली, उत्तर आलं, ते नाही असं आलं. प्रयोग म्हणून हे काम चोख झालं.

माझी तक्रार प्रयोगाबद्दल नाही, क्रमाबद्दल आहे. उत्तर हाती येण्याआधी करार झाला, वर्षांचा आकडा तोंडातून गेला, आणि तो आकडा कात्रणांतून घरोघरी पोचला. त्यात मीही एक दुवा होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब अभ्यासानुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. अशा घरांत 'पाच वर्षांत येईल' या शब्दांना वजन असतं. कोणी पट्ट्यांचा खर्च आणखी थोडे दिवस म्हणून सोसतं, कोणी दुसरा उपाय पुढे ढकलतं.

डोळ्याला डोळ्याचंच विचारावं

या प्रकरणाच्या शेजारी दुसरं एक ठेवून बघते. स्वित्झर्लंडमधल्या लोझानची सेन्सिमेड ही कंपनी. त्यांच्या ट्रिगरफिश लेन्सला अमेरिकेत मार्च २०१६ मध्ये मान्यता मिळाली, युरोपात ती आधीपासून होती. काचबिंदूच्या रुग्णासाठी ही लेन्स. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब महत्त्वाचा, आणि तो दिवसभर सारखा नसतो, अनेकांचा रात्री झोपेत वाढतो. आम्ही तो मोजतो सकाळी अकरा वाजता, दवाखान्यात, एकदा. मग 'दाब तर चांगला आहे, तरी नजर का जाते?' असे रुग्ण समोर बसतात आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

ट्रिगरफिश लेन्समध्ये ताण ओळखणारी बारीक पट्टी आहे. दाब बदलला की बुबुळाच्या कडेचा गोलावा किंचित बदलतो, पट्टी ताणली जाते. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद अशी मोजणी, चोवीस तासांत २८८ वेळा. दिसायला ती मुळीच देखणी नाही. डोळ्याभोवती अँटेनाची पट्टी चिकटवायची, तिथून वायर, गळ्यात रेकॉर्डर. आणि दाबाचा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये ती देत नाही, चढउताराचा आलेख देते, म्हणून दवाखान्यातलं मोजणं काही सुटत नाही. पण ती वापरायची एका दिवसापुरती आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली, म्हणून रात्रीही डोळ्यावर ठेवता येते. मुख्य म्हणजे, ती डोळ्याला जे विचारते ते डोळ्याचंच आहे.

औषधाचंही तसंच. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका लेन्सला मान्यता मिळाली, तिच्यात अ‍ॅलर्जीवरचं कीटोटिफेन हे औषध भरलेलं असतं. चिप नाही, वायर नाही. डोळ्याला खाज सुटते त्याचं औषध लेन्समधून डोळ्यालाच मिळतं. काचबिंदूचे थेंब वेळेवर न घालणारे आजोबा-आजी मी रोज बघते. हात थरथरतो, थेंब गालावर पडतो. औषध धरून ठेवणारी लेन्स त्यांच्यासाठी कुणी केली तर मला ती चिपवाल्या लेन्सपेक्षा जास्त स्मार्ट वाटेल.

दृश्य दाखवणाऱ्या लेन्सचं नशीब वेगळ्या कारणानं अडलं. कॅलिफोर्नियातल्या मोजो व्हिजननं अर्ध्या मिलिमीटरहून लहान पडदा लेन्समध्ये बसवला आणि जून २०२२ मध्ये कंपनीचे प्रमुख ड्रू पर्किन्स यांनी ती लेन्स स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिली. तंत्र म्हणून थक्क करणारं काम. पण जानेवारी २०२३ मध्ये पैशाअभावी लेन्सचं काम थांबलं, सुमारे तीन चतुर्थांश कर्मचारी गेले आणि कंपनी त्या चिमुकल्या पडद्यांच्या धंद्याकडे वळली. तिथे डोळ्यानं नकार दिला नव्हता. मात्र गणनेचं यंत्र गळ्यात बाळगावं लागत होतं, आणि डोळ्यासमोर अक्षरं दाखवायला साधा चष्मा पुरत असेल तर एवढ्या उपद्व्यापाला गिऱ्हाईक मिळणं अवघड.

साखरेच्या लेन्सचा ध्यासही संपलेला नाही. कोरियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सशांच्या डोळ्यावर अशी लेन्स चालवून दाखवली, २०२० मध्ये दुसऱ्या कोरियन गटानं मधुमेही सशांवर मोजणी आणि औषध एकत्र आणलं. कामं चांगली आहेत. फक्त ससा पापणी फार क्वचित लववतो, हे माझ्यासारखीला वाचताना विसरता येत नाही.

मनगटावरचं घड्याळ रात्री काढून चार्जिंगला लावता येतं, पट्टा घाणेरडा झाला तर बदलता येतो. लेन्स रोज तळहातावर घेऊन चोळून धुवायची असते, ती फाटते, बेसिनमधून वाहून जाते, आणि आपल्याकडे अजूनही कितीतरी जण ती नळाच्या पाण्यानं धुतात. गेल्या काही वर्षांत आम्ही सगळे रोज नवी घालून रात्री टाकून द्यायच्या लेन्सकडे लोकांना वळवतो आहोत, कारण संसर्ग कमी होतो. अशा वेळी महागडी चिप असलेली, महिनोन् महिने जपायची लेन्स बाजारात आणणं म्हणजे आम्ही मोठ्या कष्टानं लावलेली सवय उलटी फिरवणं. ही अडचण कुठल्याही प्रयोगशाळेतल्या मोजपट्टीवर दिसत नाही, माझ्या खुर्चीत बसून रोज दिसते. म्हणून माझा अंदाज असा: पहिल्यांदा रुजतील त्या दवाखान्यातून एक-दोन दिवसांपुरत्या मिळणाऱ्या मोजणीच्या लेन्स आणि औषध देणाऱ्या साध्या लेन्स. चाळिशीची लेन्स त्यानंतर, आणि ती जमली तर तिला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही. रक्तातल्या साखरेसाठी मी आता लेन्सची वाट बघत नाही.

ती मुलगी आता मोठी झाली आहे. गेल्या दिवाळीच्या आधी भावाच्या लग्नासाठी लेन्स हव्या म्हणून आईला घेऊन आली. दंडावर बाहीखाली चकती होती. मी शर्मरच्या पट्ट्या लावून अश्रू मोजले, फ्लुरेसिन घालून हिरवा थर पाहिला, कापसाचा धागा टोकानं बुबुळाला अलगद लावून संवेदना तपासली. डोळे बरे होते. रोज टाकून द्यायच्या लेन्स लिहून दिल्या, आठ तासांच्या वर नाही, झोपायच्या आधी काढायच्याच.

लेन्स घालायला शिकवत असताना तिचा फोन वाजला. ६८, बाण खाली. तिनं शांतपणे बोटावरची लेन्स डबीत ठेवली, हात पुसले, पिशवीतून आंब्याच्या रसाचं छोटं खोकं काढलं आणि स्ट्रॉ खुपसली. आई हललीसुद्धा नाही. दहा वर्षांपूर्वी तिचा चेहरा पांढरा पडला असता.

रस पिऊन होईपर्यंत आईनं फाईल उघडली. मागच्या कप्प्यात ते कात्रण होतं, घड्यांवर पिवळं पडलेलं. "मॅडम, ती लेन्स मग आलीच नाही ना?" मी तिला अश्रूंचं सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसं, सोप्या शब्दांत. पाच वर्षांत येईल असं मी उगाच म्हणाले, हेही सांगितलं. तिनं कात्रणाची पुन्हा घडी केली आणि फाईलमध्ये ठेवून दिलं.

"तुम्ही एकट्याच नाही म्हणालात," ती म्हणाली. "पण आता मी रात्रीचा गजर लावत नाही."

मुलीनं फोन आमच्याकडे वळवून दाखवला. ८१, बाण आडवा. मग तिनं पुन्हा साबणानं हात धुतले, कोरडे केले आणि डबीतली लेन्स बोटावर घेतली.